मागल्या दारचा ढापा

धाकलू आमच्या घरी कधी पुढच्या दाराने आला नाही. पुढचं दार सताड उघडं असलं तरी तो घराला वळसा घालून मागे जायचा आणि न्हाणीजवळ उभा राहून हाक मारायचा, "लक्षे, हायस का गो?"

माझ्या बायकोचं नाव लक्ष्मी. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण मी तिला 'अगं' म्हणतो. शेजारच्या बायका 'नम्रताची आई' म्हणतात. 'लक्षे' म्हणणारा माणूस अख्ख्या शहापुरात तो एकच. त्या हाकेला ती जितक्या लगबगीने उठायची, तितकी माझ्या हाकेला उठलेली मला आठवत नाही. मला धाकलूचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. ते लपवून त्याच्याबद्दल लिहिलं तर निम्मं लिहायचं राहील.

तो टोकावड्याच्या बाजूचा, लक्ष्मीच्याच वाडीतला. दोघांच्या वडिलांची भाताची खाचरं बांधाला बांध लागून होती. तिला भाऊ नव्हता, त्याला बहीण नव्हती. त्यामुळे लहानपणापासून भाऊबीजेला तीच त्याला ओवाळायची. आमच्या लग्नात कानपिळीचा मान त्याला मिळाला. नवरदेवाचा कान मुलीचा भाऊ गमतीने पिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. धाकलूने माझा कान असा पिळला की मांडवातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दाजी, ध्यानात ऱ्हावं म्हून," तो म्हणाला, आणि सगळी वाडी हसली. लक्ष्मीही हसली. अंतरपाट दूर झाल्यावर मी तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला तो त्या हसण्यातला, आणि ते हसू माझ्यासाठी नव्हतं.

शाळा त्याने दुसरीत सोडली. मग कुठल्याशा धरणाच्या कामावर गेला आणि तिथे सिमेंटचं काम शिकला. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास शहापुरात आला आणि लाकडाच्या वखारीमागे मोकळ्या जागेत ढापे ओतू लागला. ढापा म्हणजे गटारावर टाकायची सिमेंटची जाड लादी. आमच्या बाजारात तेव्हा दुकानांसमोरून उघडं गटार जायचं. गटार पंचायतीचं, पण गिऱ्हाईक दुकानात यायचं तर त्यावर काहीतरी हवं, म्हणून जो तो दुकानदार आपल्यासमोर आपला ढापा टाकून घ्यायचा. ज्याचं दुकान त्याचा ढापा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. या ढाप्यांची मिळून जी पट्टी झाली होती तोच बाजारातला फुटपाथ. एक ढापा वीतभर उंच, दुसरा कललेला, तिसऱ्याच्या जागी फळी. बायामाणसं गाड्या चुकवत त्यावरूनच चालायची.

बाजारातले बहुतेक ढापे धाकलूच्या हातचे. तो ढापा पालथा ओतायचा. साच्याच्या तळाला जाड वाळू पसरायचा, म्हणजे तळाची बाजू खरखरीत निघे. तीच मग रस्त्यावर वर यायची, कोणाचा पाय घसरू नये म्हणून. गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारायचा. शेठ लोक घाई करायला आले की म्हणायचा, "सात दिस पानी प्याल्याबिगर ह्यो उठनार नाय. तुमाला घाई असंल तर तुमीच आडवं व्हा गटारावर."

मी असं बोललो असतो तर भांडण झालं असतं. त्याला लोक चहा पाजायचे.

गटाराची रुंदी प्रत्येक दुकानासमोर वेगळी, त्यामुळे ढापाही मापाचा. एका वेळी दहा-बारा ढापे वाळत पडलेले असायचे. ते मिसळू नयेत म्हणून ओल्या सिमेंटवर तो खिळ्याने खूण करायचा. अक्षरं नीट येत नव्हती, म्हणून चित्रं काढायचा. न्हाव्याला कात्री, सायकलवाल्याला चाक, भुसारवाल्याला तराजू. ढापा उलटून बसवला की ती खूण कायमची गटाराच्या अंधारात. एकदा मी त्याला म्हणालो, "सरळ वहीत नंबर टाकून ठेव की. दिसायचं नाही ते चित्र काढून उपयोग काय?"

"दाजी, वही हरवते," तो म्हणाला. "ढापा कुठं जानार?"

त्याची आणखी एक खोड सांगायला हवी. विचारलं तर तो खरं सांगायचा. विचारलं नाही तर स्वतःहून चकार शब्द काढायचा नाही. "न इचारता बोलला तो भांडनाला गेला," असं त्याचा बाप कोंडू म्हणायचा म्हणे.

अठ्ठ्याण्णव सालच्या गौरीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी बाजारात गेली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तेरड्याची जुडी. जयराम शेठच्या भुसार दुकानासमोरच्या ढाप्यावर तिने पाय ठेवला आणि ढापा मधोमध दुभंगला. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

मी मुरबाडला कारखान्याच्या ऑफिसात होतो. फोन आला, मिळेल त्या जीपने निघालो, आणि कल्याणच्या दवाखान्यात पोचलो तर तिच्या उशाशी धाकलू बसलेला. हातगाडी घेऊन तो नेमका त्याच रस्त्याने चालला होता. त्यानेच तिला बाहेर काढलं, दोन हातांवर उचलून जीपमध्ये ठेवलं. तिची गटारात गेलेली चप्पलसुद्धा त्याने काढून, धुऊन, कागदात गुंडाळून आणली होती.

"दाजी, घाबरू नका," तो मला म्हणाला. "हाड मोडलंय, लक्षी नाय मोडली."

तेवढ्या दुखण्यातही ती हसली. मी त्याचे आभार मानले की नाही, मला आठवत नाही. चप्पल मात्र आठवते. इतक्या वर्षांत तिची चप्पल मी कधी हातात घेतली नव्हती.

पायात पट्टी आणि स्क्रू बसले. तिचं शिवणयंत्र पायाने चालवायचं होतं आणि तिची सवय उजव्या पायाची. सहा महिन्यांनी ती यंत्रावर बसली, पायपट्टीवर पाय टेकवला आणि दोन मिनिटांत उठली. यंत्रावर जुनी चादर घातली. गल्लीतल्या अर्ध्या बायकांची झंपरं ती शिवायची. त्या आता दुसरीकडे जाऊ लागल्या.

याहून तिला लागलं ते वेगळंच. शेजारच्या कमळाबाईने येऊन सांगितलं, "अगं, जयराम शेठ दुकानात बसून काय म्हणतोय माहितीय? म्हणे बाई गप्पा मारत चालली होती, खाली बघायला नको?"

लक्ष्मी माझ्याकडे वळली. "मी एकटी होते. गप्पा कोनाशी मारनार, तेरड्याशी? अहो, दावा लावा. मला त्याच्याकडनं दुसरं कायबी नको. 'ढापा माझा होता', एवढं त्याने कोर्टात कबूल करावं. चूक माझी नव्हती."

मी कामाला लागलो. दवाखान्याचे कागद तारखेवार लावले, वेगळी फाइल केली, सतीश वकिलांकडे गेलो. त्यांनी पंचायत आणि जयराम शेठ दोघांनाही रीतसर नोटीस पाठवली. दोन्हीकडून उत्तर आलं. पंचायत म्हणाली, गटार आमचं, ढापे आम्ही टाकत नाही. शेठ म्हणाला, रस्ता सार्वजनिक, गटार पंचायतीचं, ढापा कोणी टाकला मला ठाऊक नाही.

सतीश वकील म्हणाले, "सगळं यावर आहे बघा. ढापा ज्याने आपल्या सोयीसाठी टाकला आणि मोडका आहे हे ठाऊक असून तसाच ठेवला, जबाबदारी त्याची. पण टाकला कोणी, हे दाखवायला हवं. ओतून कोणी दिला? तो कारागीर सापडेल का?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

हे मी का म्हणालो याचं उत्तर माझ्याजवळ आहे, ते चांगलं नाही. घरात त्या दिवसांत धाकलूशिवाय विषय नव्हता. धाकलूमामाने उचललं, धाकलूमामा वेळेवर आला, असं नम्रता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. निदान कोर्टाचं काम तरी माझं असावं, माझ्या कागदांवर उभं राहावं, असं मला वाटत होतं. तिथेही तोच येऊन उभा राहिला असता तर माझ्यासाठी काय उरलं असतं?

त्याच सुमारास एका रविवारी तो हातगाडीवर सिमेंटचा एक तुकडा घेऊन आला. हातभर लांब, एका बाजूला तुटका. मागल्या दाराची पायरी उंच होती, लक्ष्मीला मोडक्या पायाने न्हाणीत उतरताना त्रास व्हायचा. त्याने जमीन सपाट केली आणि तो तुकडा पायरीसारखा बसवला.

"लक्षे, ह्यो टाकू नको गो," जाताना म्हणाला. "कामाला येल."

मी ओसरीवरून ऐकत होतो. "नवी फरशी आणता आली असती," मी लक्ष्मीला म्हणालो. "आपल्या घरात काय मोडके दगड लावायचे?"

"मग आनायची होती," ती म्हणाली.

त्या पायरीवरून मी रोज सकाळी आंघोळीला जात होतो. रोज पाय ठेवताना मला त्याची आठवण यायची आणि मी जरा जोरातच पाय ठेवायचो.

दावा नव्याण्णवमध्ये दाखल झाला आणि तारखा पडत गेल्या. दोन हजार दोनमध्ये जयराम शेठची साक्ष झाली. पांढरं धोतर, कपाळाला गंध. शपथ घेऊन म्हणाला, "माझ्या दुकानापुढं ढापा होता हे खरं. पण तो मी टाकला नाही. मी पंचायतीचाच समजत होतो." सतीश वकिलांनी त्याला चहूबाजूंनी विचारलं, तो हलला नाही. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "त्याच्या शब्दाविरुद्ध आपल्याकडे काही नाही. असंच राहिलं तर दावा जाईल."

घरी येऊन मी ते सांगितलं. लक्ष्मी तांदूळ निवडत होती.

"धाकल्याला इचारलंत?" ती म्हणाली.

मी फाइलची दोरी सोडू लागलो.

"चार वर्सं झाली. ढापे कोन वततं ते अख्ख्या बाजाराला ठाव आहे. तुमी वकिलाला काय सांगितलंत?"

मी दोरी पुन्हा बांधू लागलो, आणि तिला कळलं. तिने सूप खाली ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पाय पुढे केला, घोट्यावरचा व्रण माझ्या बाजूला आला, आणि म्हणाली, "वखारीपर्यंत मला चालवत नाय. चालवलं असतं तर तुमाला सांगितलं नसतं. तुमीच जा."

धाकलू वखारीमागे उकिडवा बसून ढाप्याला गोणपाट घालत होता. मला पाहून उठला, हात विजारीला पुसले. तिथे मी पहिल्यांदाच गेलो होतो. बसायला त्याने उलटी पाटी दिली.

"जयराम शेठचा ढापा तू ओतला होतास का?" मी विचारलं.

"व्हय."

"पैसे कोणी दिले?"

"शेठनं. तीन ढापे व्हते. एक तुटला, दोन हायती अजून."

"त्याला भेग पडली होती?"

"पडनारच. शेठचा माल यायचा तवा ट्रक ढाप्यावर चढवायचे. मी शिमग्यालाच सांगितलं, शेठ, बदला, कोन तरी जाईल आत. तर म्हनला, पावसाळा जाऊ दे."

"धाकलू, अरे चार वर्षं आम्ही हेच शोधतोय! बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "दाजी, तुमी इचारलंच नाय."

मग म्हणाला, "मला वाटलं तुमाला मी नको आसंन."

तो पुन्हा गोणपाटाकडे वळला आणि काम करता करताच बोलला, "आनि पुरावा तर तुमच्याच दारात हाय. लक्षीची पायरी त्याच ढाप्याचा तुकडा हाय. उलटून बघा."

तो पहार घेऊन माझ्याबरोबर आला. या वेळीही मागल्या दारानेच. पायरी उलटली तेव्हा खालच्या ओल्या मातीतून गांडुळं पळाली. लक्ष्मीने तांब्याने पाणी ओतलं आणि हाताने माती पुसली. सिमेंटवर खिळ्याने काढलेला तराजू होता. एक पारडं अख्खं, दुसरं तुटलेल्या कडेवर अर्धं.

"मी सांगितलेलं ना, कामाला येल," धाकलू म्हणाला.

लक्ष्मी रडत होती आणि हसत होती. मी पहार धरून उभा होतो.

उशिरा साक्षीदार आणल्याबद्दल सतीश वकील मला खूप बोलले. कोर्टाची परवानगी मिळाली आणि धाकलू पिंजऱ्यात उभा राहिला. समोरचे वकील हसून म्हणाले, "तुम्हाला लिहिता येतं?"

"नाय साहेब. म्हून तर चितार काढतो."

"तराजू कोणीही काढेल. तुम्ही हा कालच काढला नसेल कशावरून?"

"सुकलेल्या शिमिटावर तुमी काढून दाखवा, मी पन शिकन."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटलं.

"वादी बाई तुमची बहीण लागते ना? बहिणीसाठी बोलताय."

"बहिनीसाठी बोलायचं असतं तर चार वर्सांमागंच आलो असतो. इचारलं म्हून आलो. साहेब, शेठचे दोन ढापे जाग्यावर हायती. उलटा. तराजू नसंल तर मला आत टाका."

कोर्टाने पाहणीसाठी एक वकील नेमला. पाहणीच्या दिवशी बाजार बंद असल्यासारखी गर्दी जमली. धाकलू आणि दोन मजूर पहारी घेऊन आले. शेठचा पहिला ढापा उभा केला, चिखल धुतला: तराजू. दुसरा: तराजू. खात्रीसाठी शेजारच्या दुकानांचेही उलटले. न्हाव्याकडे कात्री निघाली, सायकलवाल्याकडे चाक. सायकलवाला म्हातारा खाली वाकून ते चाक पाहत राहिला. "आरं, सोळा वर्सं माझ्या पायाखाली व्हतं हे!" लोक टाळ्या वाजवू लागले. जो तो धाकलूच्या पाठीवर थाप मारत होता. माझ्या हातात फाइल होती, चार वर्षांचे कागद तारखेवार लावलेली. ती कोणी मागितली नाही.

दोन हजार तीनमध्ये निकाल लागला. ढापा शेठने स्वतःच्या धंद्यासाठी टाकला, भेग पडल्याचं त्याला सांगण्यात आलं होतं, तरी त्याने तो तसाच ठेवला, म्हणून इजेची भरपाई त्याने द्यावी. पंचायतीला सोडलं. आणि एक वाक्य होतं, ते सतीश वकिलांनी लक्ष्मीला दोनदा वाचून दाखवलं: वाटेने चालणाऱ्याने प्रत्येक पाऊल तपासून टाकावं अशी अपेक्षा करता येत नाही. त्यात बाईंची काही चूक नाही. मिळालेल्या रकमेतून तिने यंत्राला वीजमोटर बसवून घेतली. मोटरचं पेडल डाव्या पायाने दाबता येतं. चादर निघाली.

जयराम शेठ नंतर एकदा रस्त्यात भेटला. "वहिनी, झालं गेलं," म्हणाला. ती म्हणाली, "शेठ, खाली बघून चाला."

किंमत धाकलूने मोजली. निकालानंतर दुकानदार सावध झाले. ढाप्याखाली खूण म्हणजे गळ्यात दोरी, असं त्यांना वाटू लागलं. काही जण म्हणाले, "ढापा दे, पण चित्र नको." तो म्हणाला, "मंग मिसळतील." ते मुरबाड रोडवरच्या कारखान्यातले बिनखुणेचे तयार ढापे आणू लागले. दोन वर्षांत वखारीमागची जागा रिकामी झाली आणि धाकलू टोकावड्याला परतला. आता माळशेजच्या रस्त्यावरच्या ढाब्यांचे ओटे बांधतो. तक्रार नाही. यंदा भाऊबीजेला आम्ही एसटीने गेलो होतो, तर तिथेही चार माणसं त्याच्याभोवती बसून हसत होती.

जाण्याआधी त्याने आमचं एक काम केलं. पुरावा म्हणून ती पायरी कोर्टात गेली होती आणि मागल्या दारी पुन्हा खड्डा झाला होता. नवी फरशी विकत आणणं सोपं होतं. मी वखारीमागे गेलो आणि त्याला म्हणालो, "धाकलू, एक ढापा ओतून दे. माझ्या घरासाठी." स्वतःहून त्याच्याकडे काही मागायची ती माझी पहिली वेळ. त्याने माप विचारलं. सात दिवसांनी गाडीवर ढापा आला. तो उलटून बसवण्याआधी मी खाली वाकून खूण पाहिली.

त्याने शिवणयंत्र काढलं होतं. चाक, सुई, खाली पायपट्टी, सगळं.

घर माझ्या नावावर आहे. क्षणभर ते ओठांवर आलं होतं. पण लक्ष्मी दारात उभी होती, तिने अजून ते पाहिलं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "थांब धाकलू, आधी तिला दाखव."

ती पाहत असताना मी तिच्याकडे पाहिलं. तेच मांडवातलं हसू होतं. मग मी ढाप्याची एक बाजू धरली, त्याने दुसरी, आणि आम्ही तो पालथा घातला.